अमेरिकेतल्या रानासाठी मोठ्या बोरचं रिव्हॉल्व्हर: नवख्यांसाठी निवडीची वाट

"अस्वलासाठी कोणती गन घेऊ?" अलास्का, मोंटाना, वायोमिंगकडे राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. इंटरनेटवर त्याचं उत्तर अस्वलाच्या वजनावरून दिलं जातं. अस्वल मोठं, म्हणून बोर मोठा. (बोर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास; .४४, .५०० हे आकडे तोच साधारण इंचात सांगतात.) मी आधी विचारणाऱ्याचा हात बघतो. ज्या .४४ ने तुम्ही सहापैकी पाच गोळ्या हव्या तिथे मारू शकता, ते तुमच्यासाठी .५०० पेक्षा चांगलं. .५०० चा धक्का बसला की डोळे मिटत असतील तर त्या गोळीची ताकद कागदावरच राहते. खाली जे जे सांगितलं आहे ते या एका गोष्टीला धरून आहे.

हा लेख फक्त अमेरिकेपुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी बंदूक कधी नव्हतीच. इथल्या शेजाऱ्याला जे वडिलांनी दहाव्या वर्षी शिकवलेलं असतं, ते आपण चाळिशीत शिकायला घेतो. म्हणून अगदी मुळापासून सुरुवात करू.

पहिली पायरी: हात लावण्याआधी कायदा

व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. आपल्या उपयोगाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. आणि 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. शूटिंग रेंजवर भाड्याने घेतलेली गन किंवा मित्राची गन चार बार काढायला हातात घेणंही त्यातच येतं. ऑफिसची टीम रेंजवर निघाली म्हणून सहज सोबत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे ठाऊक नसतं. हा संघीय गुन्हा आहे आणि त्यात इमिग्रेशनचं सगळंच धोक्यात येतं. लायसन्स आधी काढा, रेंज नंतर. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नव्हे.

ग्रीन कार्ड असेल तर संघीय कायद्याची ही आडकाठी नाही. मात्र हँडगन परवानाधारक दुकानातून घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, ती आपण राहतो त्याच राज्यात घ्यावी लागते, ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यावर राज्यांचे नियम वेगळेच. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं. न्यू जर्सीत विकत घेण्याआधीच परवाना लागतो. अलास्का आणि मोंटानात कायद्याने पात्र असलेल्या माणसाला जवळ बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. एक गोष्ट मात्र कुठल्याही राज्यात करू नका. 'माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुझ्यासाठी मी घेतो' असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी नको म्हणा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर खरेदी करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दुसरी पायरी: काम ठरवा

शिकारीचं रिव्हॉल्व्हर आणि ट्रेलवर, म्हणजे रानातल्या पायवाटेवर, स्वसंरक्षणासाठी नेण्याचं रिव्हॉल्व्हर ही दोन वेगळी हत्यारं आहेत. शिकारीत वेळ तुमच्या हातात असतो. बसून, टेकू घेऊन, श्वास रोखून बार काढता येतो. तिथे लांब नळी, जड वजन आणि चांगली साइट (नळीवरची नेम धरायची खूण) कामाला येते. ट्रेलवर सगळा खेळ दोन-तीन सेकंदांत आटोपतो. ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. झुडपातून २५ मीटरवर निघालं तर तुमच्याकडे दीड-दोन सेकंद आहेत. तेवढ्यात जे हातात येतं तेच खरं.

म्हणून ट्रेलवर जाणाऱ्याने सगळ्यात आधी बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घ्यावा. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांच्या गटाने अलास्कातल्या स्प्रेच्या घटनांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तपकिरी अस्वलांच्या ९२ टक्के प्रसंगांत स्प्रेने अस्वल थांबलं, आणि जवळून गाठ पडलेल्या, स्प्रे जवळ असलेल्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. त्याच गटाच्या २०१२ च्या अभ्यासात हँडगन ८४ टक्के प्रसंगांत कामी आली. मात्र बंदूक वापरली किंवा नाही यावरून माणसं जखमी होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यासांतल्या घटना एकसारख्या नाहीत, त्यामुळे आकड्यांची थेट लढत लावू नये. तरी नवख्याला जे कळायला हवं ते यात आहे. स्प्रेचा ढग रुंद असतो आणि थरथरत्या हाताला माफ करतो, गोळी करत नाही. ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) नोंदणी असलेलाच कॅन घ्या. माणसांसाठीचा मिरपूड स्प्रे वेगळा, तो चालणार नाही.

रिव्हॉल्व्हरची गरज कुठे, हेही बघा. कोलोरॅडोच्या रॉकीजमध्ये किंवा सिएरा नेवाडात ग्रिझली नाहीत, काळी अस्वलं आहेत. तिथल्या दिवसभराच्या हाइकसाठी स्प्रे आणि मोठ्याने बोलत चालण्याची सवय पुरे. ग्रिझलीचा मुलूख म्हणजे अलास्का, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो आणि वॉशिंग्टनचा थोडा भाग. इथे अलास्कातल्या अँकरेजमध्ये आम्हाला अस्वलापेक्षा मूस या अजस्र हरणाचीच धास्ती जास्त असते. अलास्कात दरवर्षी मूसमुळे जखमी होणारे लोक अस्वलांमुळे जखमी होणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, आणि पिल्लाजवळची मूस मादी सूचना देत बसत नाही.

तिसरी पायरी: काडतूस

आधी शब्द. काडतूस म्हणजे पितळी केस (नळकांडं), दारू, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि गोळी हे सगळं मिळून. गोळी म्हणजे त्यातून सुटणारा शिशाचा किंवा तांब्याचा तुकडा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५ ग्रेन म्हणजे जवळपास एक ग्रॅम. ऊर्जा फूट-पाउंडात छापलेली असते.

.३५७ मॅग्नम १९३५ चं. १५८ ग्रेनची गोळी, पाचशेच्या आसपास फूट-पाउंड. काळ्या अस्वलाच्या मुलुखात ट्रेलसाठी हे चांगलं आहे. धक्का सोसवतो, आणि त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य .३८ स्पेशल भरून सराव करता येतो. लहान चणीच्या किंवा मनगट नाजूक असलेल्या माणसाला मी निःसंकोच हेच सुचवतो. ग्रिझलीपुढे मात्र ते काठावरचं आहे. शिकारीत काही राज्यांचे नियमच त्याला बाद करतात. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी हँडगनची नळी किमान ४ इंच आणि ५० यार्डांवर ऊर्जा किमान ५५० फूट-पाउंड लागते. साधं .३५७ तिथे पुरत नाही.

.४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस आलं. आयडाहोचे एल्मर कीथ कित्येक वर्षं जुन्या .४४ स्पेशलमध्ये जड भार (नेहमीपेक्षा जास्त ताकदीची काडतुसं) भरून प्रयोग करत होते. त्यांच्या आग्रहातून रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर तयार केलं. २४० ग्रेनची गोळी, नळीच्या लांबीप्रमाणे साधारण ७५० ते ९५० फूट-पाउंड. हरीण, रानडुक्कर, काळं अस्वल, अगदी एल्क हे मोठं हरीणसुद्धा योग्य अंतरावर आणि योग्य गोळीने. जड, कठीण गोळी भरली की ग्रिझलीच्या मुलुखातही लोक हेच नेतात. आणि हलक्या सरावासाठी .४४ स्पेशल त्याच सिलिंडरमध्ये (काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्यात) चालतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं मोठ्या बोरचं रिव्हॉल्व्हर .४४ मॅग्नमच असावं, आणि दहातल्या नऊ जणांचं शेवटचंही तेच असायला हरकत नाही.

.४५ कोल्ट १८७३ चं, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनं, पण रुगर कंपनीच्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये जड भार भरला की .४४ च्या तोडीचं. गोची इथेच आहे. त्या जड भाराच्या खोक्यावर तो कोणत्या रिव्हॉल्व्हरसाठी आहे ते लिहिलेलं असतं. ते न वाचता जुन्या नाजूक कोल्टमध्ये किंवा त्याच्या नकलेत भरलं तर सिलिंडर फुटू शकतो. .४५ कोल्टचा मानक दाब १४,००० पीएसआय, .४४ मॅग्नमचा ३६,००० आणि .४५४ कसूलचा ६५,०००. एवढी तफावत आहे.

.४५४ कसूल म्हणजे लांबवलेलं .४५ कोल्ट. डिक कसूल यांनी १९५० च्या दशकात ते घडवलं आणि १९८३ मध्ये फ्रीडम आर्म्सने त्याचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. ३०० ग्रेनची गोळी, सोळा-सतराशे फूट-पाउंड. .४५४ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५ कोल्ट चालतं, उलटं चालत नाही. एक-दोन वर्षं .४४ नेमाने चालवून झालं असेल तर याचा विचार करा. याचा आवाज आणि धक्का दोन्ही वेगळ्याच जातीचे आहेत.

.४६० आणि .५०० स्मिथ अँड वेसन. पहिलं २००५ चं, दुसरं २००३ चं. .५०० ची ऊर्जा अडीच हजार फूट-पाउंडांच्या घरात जाते आणि लांब नळीचं रिव्हॉल्व्हर दोन किलोंचं भरतं. मचाणावर बसून एल्क किंवा मूस मारणाऱ्या जाणत्या शिकाऱ्यासाठी ते ठीक. नवख्याने पहिली खरेदी म्हणून यांच्याकडे वळूही नये.

याला पर्याय म्हणून १० मिमी पिस्तुलाचं नाव तुम्ही ऐकाल. पंधरा काडतुसं, कमी धक्का, ग्रीनलंडमधलं डेन्मार्कचं सिरियस गस्ती पथकही ते बाळगतं. ट्रेलपुरता तो वाजवी पर्याय आहे. शिकारीसाठी आणि जड गोळीसाठी रिव्हॉल्व्हर सरस.

चौथी पायरी: रिव्हॉल्व्हर

पहिला निर्णय यंत्रणेचा. सिंगल अॅक्शनमध्ये प्रत्येक बाराआधी अंगठ्याने घोडा (काडतुसावर आपटणारा हॅमर) मागे ओढावा लागतो. रुगरचं सुपर ब्लॅकहॉक या प्रकारातलं. मजबूत, तुलनेने स्वस्त आणि शिकारीला उत्तम. डबल अॅक्शनमध्ये नुसता चाप दाबला की घोडा आपोआप उठतो आणि पडतो. रुगर रेडहॉक, सुपर रेडहॉक, स्मिथ अँड वेसन ६२९ ही या प्रकारातली. ट्रेलसाठी डबल अॅक्शनच घ्या. अंगावर जनावर येताना अंगठ्याचं काम वाढवू नये. जुनं सिंगल अॅक्शन कुणी भेट दिलं तर त्यात ट्रान्सफर बार (चाप दाबल्याशिवाय बार होऊ न देणारी पट्टी) आहे का ते जाणत्याकडून तपासून घ्या. रुगरच्या मॉडेलांत तो १९७३ पासून आहे. नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवूनच वागवायचं.

दुसरा निर्णय वजनाचा, आणि इथे नवखे फसतात. दुकानात हलकं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की छान वाटतं. स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी स्कँडियम मिश्रधातूचं, जेमतेम ७०० ग्रॅमचं .४४ मॅग्नम. खांद्यावर दिवसभर जाणवत नाही. पण पूर्ण ताकदीच्या पहिल्या बारातच तळहात सोलल्यासारखा होतो आणि दुसरा बार काढायची इच्छा उरत नाही. ज्याचा सराव होत नाही ते हत्यार निरुपयोगी. स्टीलचं ४ इंची ६२९ सव्वा किलोच्या आत-बाहेर भरतं, ४ इंची रेडहॉक त्याहून शे-दीडशे ग्रॅम जड. तेवढं वजन धक्का खाऊन टाकतं. पाठीवर पंधरा किलोंची सॅक घेणाऱ्याने अर्ध्या किलोसाठी हात दुखवून घेऊ नये.

नळी ट्रेलसाठी ४ इंच, शिकारीसाठी ६ ते साडेसात इंच. रुगरचं अलास्कन अडीच इंच नळीचं आणि दिसायला रुबाबदार आहे, पण साइटमधलं अंतर कमी झालं की नेमातली चूक वाढते, आणि एवढ्या आखूड नळीने गोळीचा वेगही घटतो. दोन्ही कामं एकाच रिव्हॉल्व्हरकडून हवी असतील तर साडेपाच किंवा ६ इंच नळीचं .४४ घ्या. ट्रेलवर जरा लांब, शिकारीत जरा आखूड, पण दोन्हीकडे निभावतं. साडेसात इंची सुपर रेडहॉक दीड किलोचं आहे, आणि त्याच्या फ्रेममध्येच स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) कड्यांसाठी खाचा असल्याने शिकारीला ते सोयीचं पडतं. धातू स्टेनलेस घ्या. अलास्काच्या पावसात निळसर पॉलिशचं स्टील एका मोसमात गंजतं.

मूठ हाताला बसते का हे फोटोवरून कळत नाही. दुकानात रिकामं रिव्हॉल्व्हर मागा, सिलिंडर उघडून रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, मग दोन्ही हातांनी धरा. तर्जनीचं पेर चापावर पोचतं का? डबल अॅक्शनने चाप ओढताना नळीचं टोक हलतं का? आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे हात लहान असतात आणि मोठ्या फ्रेमच्या मुठीवर बोट अर्धवटच पोचतं. रबराची दुसरी मूठ लावून काम होत असेल तर उत्तम, नाहीतर दुसरं मॉडेल बघा. जमल्यास आधी रेंजवर तेच मॉडेल भाड्याने घ्या आणि .४४ स्पेशलपासून सुरुवात करा.

आणि हे कधीही विसरू नका: सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. बार होताना त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला सुटतात. पिस्तुलाची सवय असलेले लोक अंगठा पुढे सरकवून धरतात. मोठ्या बोरच्या रिव्हॉल्व्हरवर अंगठा तिथे गेला तर तो भाजतो आणि चिरतो, .४६० किंवा .५०० वर तर हाडापर्यंत. दोन्ही अंगठे मागे, एकावर एक.

पाचवी पायरी: गोळी

बोरपेक्षा गोळीच्या निवडीने जास्त फरक पडतो, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. .४४ मॅग्नम म्हणून दोन खोकी घेतली तरी आतली गोळी वेगळी, आणि म्हणून काम वेगळं.

हरीण किंवा मध्यम रानडुक्कर यासाठी फुलणारी गोळी. तांब्याचं आवरण, पुढे शिशाचं मऊ टोक किंवा पोकळी. आत शिरताच ती छत्रीसारखी उघडते, जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. .४४ मध्ये २४० ग्रेनची हॉर्नाडी कंपनीची एक्सटीपी ही वर्षानुवर्षं चाललेली निवड आहे. कॅलिफोर्नियात शिकार करणार असाल तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तिथे पूर्ण तांब्याची गोळी घ्यावी लागते. तांबं हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून ती तुमच्या रिव्हॉल्व्हरमधून नीट जाते का ते रेंजवर बघून घ्या.

ग्रिझलीच्या मुलुखात ट्रेलवर फुलणारी गोळी नको. जाड चरबी, ओले केस, खांद्याचं जाड हाड यांतून तिला आत खोलवर जायचं असतं आणि फुलणारी गोळी मध्येच थांबू शकते. तिथे हार्डकास्ट घ्यावी. म्हणजे शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून कठीण केलेली, टोकाला रुंद आणि सपाट गोळी. .४४ मध्ये साधारण ३०० ग्रेन. ती फुलत नाही, सरळ जाते. टोक सपाट असणं महत्त्वाचं, गोल टोकाची गोळी हाडावरून घसरते.

जड भारात एक धोका असतो, आणि तो घरबसल्या कळत नाही. बाराच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात. पुरेशी सरकली की गोळीचं नाक सिलिंडरच्या बाहेर येतं, फ्रेमला अडतं आणि रिव्हॉल्व्हर जागच्या जागी जाम होतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे जास्त होतं. तपासायची रीत सोपी आहे. सहावं काडतूस भरण्याआधी कॅलिपरने त्याची लांबी मोजा आणि केसवर मार्करने खूण करा. बाकीचे पाच बार काढा. मग खूण केलेलं बाहेर काढून परत मोजा. लांबी किंचितही वाढली असेल तर तो माल तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. दुसऱ्या कंपनीचा किंवा कमी वजनाच्या गोळीचा घेऊन बघा. जे काडतूस रानात नेणार, त्याचे निदान दोन-तीन सिलिंडर रेंजवर उडवल्याशिवाय ते नेऊ नये. महाग पडतं, एकेका काडतुसाला दोन-तीन डॉलर जातात, पण ही काटकसर करायची जागा नव्हे.

.४४ स्पेशलने भरपूर सराव केल्यावर सिलिंडरच्या घरात काजळीचं कडं बसतं. ते ब्रशने साफ केल्याशिवाय लांब मॅग्नम काडतूस पूर्ण आत बसत नाही. सरावानंतर त्याच दिवशी घासा.

होल्स्टर

कमरेचं होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायचं म्यान) सॅकच्या पट्ट्याखाली दबतं. म्हणून अलास्कातले मच्छीमार आणि गाइड छातीवरचं होल्स्टर वापरतात. वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) घातला, सॅक चढवली, कयाकमध्ये बसलात, तरी मूठ हाताशीच राहते. घोडा फांदीत अडकून रिव्हॉल्व्हर बाहेर निघणार नाही अशी पट्टी हवी, आणि चाप पूर्ण झाकलेला हवा. स्प्रे दुसऱ्या हाताच्या बाजूला, तोही बाहेर. सॅकच्या आत ठेवलेला स्प्रे आणि सॅकच्या आत ठेवलेलं रिव्हॉल्व्हर, दोन्ही ओझंच.

सहावी पायरी: सराव

सुरुवात ७ मीटरवरून, .४४ स्पेशलने, एका वेळी एकच काडतूस भरून. मोठ्या बोरवर हा नियम फार महत्त्वाचा आहे. धक्क्याने रिव्हॉल्व्हर हातात उडतं, बोट नकळत परत चापावर आवळतं आणि दुसरा बार आकाशात किंवा त्याहून वाईट दिशेला जातो. एकच काडतूस असेल तर तो धोका उरत नाही.

कान आणि डोळे झाकल्याशिवाय एकही बार नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमचा दुखवू शकतो आणि मॅग्नम त्याच्या बरंच पुढे जातं. रेंजवर आत बोळे आणि वर मफ असं दुहेरी घाला. शिकारीला इलेक्ट्रॉनिक मफ घ्या. बारीक खसफस ऐकू येते आणि बार झाला की ते आवाज दाबतात.

झटका खाण्याच्या भीतीने चाप दाबायच्या आधीच मनगट खाली झुकतं. हा दोष जवळजवळ सगळ्यांत असतो आणि स्वतःला दिसत नाही. सोबत्याला सांगा की सिलिंडरमध्ये काही भरलेली काडतुसं आणि काही रिकाम्या केस मिसळून भर आणि मला सांगू नकोस. नेम धरा, चाप दाबा. रिकाम्या केसवर घोडा पडताना नळी खाली डुबली, की दोष समोर आला. मग घरी रोज थोडा वेळ, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, स्नॅप कॅप (नकली काडतुसं) घालून नुसता चाप ओढण्याचा सराव. पुढची साइट हलली नाही पाहिजे.

शिकारीचं अंतर मोजायला २० सेंटीमीटरची कागदी प्लेट लावा. ज्या अंतरावरून, शिकारीत ज्या आसनात बसणार त्याच आसनातून, सगळ्या गोळ्या प्लेटवर लागतात, ते तुमचं अंतर. नवख्याचं ते बहुधा २५ यार्ड भरतं, वर्षभराच्या सरावाने ५० होतं. त्यापलीकडचं हरीण कितीही मोठं असलं तरी ते तुमचं नाही, त्याला जाऊ द्यावं. जखमी होऊन निघून गेलेलं जनावर ही शिकाऱ्याच्या हातून होणारी सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

पहिली शिकार

मी पहिल्यांदा टेक्सासमधलं रानडुक्कर सुचवतो. तिथे ती शेतीची नासाडी करतात, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने मारता येतात आणि २०१९ पासून त्यासाठी हंटिंग लायसन्सही लागत नाही. तरीही व्हिसावर असलेल्यांनी लायसन्स काढूनच जावं, कारण वर सांगितलेला संघीय अपवाद त्या लायसन्सवरच उभा आहे. ओळखीच्या अनुभवी माणसाबरोबर किंवा गाइडबरोबर जा. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबा, पुढच्या पायाच्या किंचित मागे नेम धरा, टेकू घ्या.

हरीण आणि एल्कसाठी बहुतेक राज्यांत हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे, आणि रायफलच्या मोसमात अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी लागते. कोर्स सक्तीचा नसता तरी करा असंच म्हणेन. आपल्याला घरातून न मिळालेलं सगळं त्या दोन दिवसांत मिळतं.

प्रवास

विमानात रिव्हॉल्व्हर फक्त चेक-इन सामानात: रिकामं, कुलूपबंद कठीण पेटीत, काउंटरवर जाहीर करून. काडतुसं खोक्यात, आणि बहुतेक विमान कंपन्या ५ किलोंपर्यंतच नेऊ देतात. बेअर स्प्रे विमानात कुठेच चालत नाही, उतरल्यावर विकत घ्या.

सिअॅटलहून गाडीने अलास्का गाठायचा बेत असेल तर मधे कॅनडा आहे. तिथे हँडगनचे नियम फार कडक आहेत आणि 'अस्वलासाठी ठेवली आहे' हे कारण सीमेवर चालत नाही. रिव्हॉल्व्हर विमानाने न्या किंवा घरी ठेवा.

राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक जवळ ठेवता येते. पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत नेता येत नाही, आणि उद्यानात बार काढणं मुळातच मना आहे. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून १०० यार्ड अंतर राखणं हाही नियमच आहे. कमरेला रिव्हॉल्व्हर आहे म्हणून फोटोसाठी जवळ जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ नका.

अस्वल मारावंच लागलं तर

अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारल्यास कायदा तुमच्या बाजूने आहे. अट अशी की प्रसंग तुम्ही ओढवून घेतलेला नसावा. उघड्यावर टाकलेलं खाणं, कचरा, पिल्लाजवळ जाणं हे सगळं तपासलं जातं. त्यानंतर कातडं, पंजे जोडलेल्या अवस्थेत, आणि कवटी सोलून काढून राज्याच्या स्वाधीन करावी लागते. फिश अँड गेम खात्याला लगेच कळवावं लागतं आणि लेखी अहवाल १५ दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे सॅकमध्ये चांगली सुरीही हवी. मोंटाना, वायोमिंग, आयडाहोत ग्रिझली १९७५ पासून संघीय संरक्षणाखाली आहे. तिथे कशालाही हात न लावता आधी सुरक्षित जागी जा, आणि फोन लागेल तिथून ताबडतोब खात्याला कळवा.

घरी

मुलं असोत वा नसोत, रिव्हॉल्व्हर रिकामं करून कुलूपबंद पेटीत आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. देशातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांनाही पेटी दाखवा आणि तिला हात लावायचा नाही हे सांगा. ट्रेलवरून आल्यावर बूट काढण्याआधी सिलिंडर उघडायचा, सहाही काडतुसं मोजून खोक्यात ठेवायची आणि स्टेनलेस असलं तरी पावसात भिजलेलं होल्स्टर रिव्हॉल्व्हरपासून वेगळं वाळत घालायचं.